सक्करदऱ्याकडची २४ तास अभ्यासिका, तिथली जागायची गोळी आणि माझं हिमोग्लोबिन

रेटिंग आधीच देऊन टाकते, मग सविस्तर लिहिते. जागेला पाचपैकी साडेतीन. आणि तिथं रात्री दहानंतर एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी जी गोळी आहे तिला शून्य. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही, कारण नागपुरात सक्करदऱ्यापासून मेडिकल चौकापर्यंत पायी गेलं तरी जिकडेतिकडे "२४ तास, एसी, वायफाय, आरओ पाणी" असे बोर्ड लागलेले आहेत आणि मी जे पाह्यलं ते त्यातल्या एकाच ठिकाणी होत असेल असं मला वाटत नाही. दर जूनमध्ये भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, यवतमाळकडून नवीन पोट्टे-पोट्ट्या बॅगा घेऊन येतात, त्यांनी हे वाचावं म्हणून लिहून राहिली.

मी लाखनीकडची, वय २६, राज्यसेवेचा तिसरा अटेम्प्ट. सकाळी सात ते दुपारी दोन एका पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर रिपोर्टच्या एन्ट्री करते, त्याचे नऊ हजार मिळतात. रूम तिघींमध्ये आहे, वरच्या मजल्यावर पत्र्याखाली. एप्रिल-मेमध्ये नागपूरला पारा ४५ च्या पुढं गेला की त्या रूममध्ये दुपारी पुस्तक उघडलं तर पान हाताला गरम लागतं, हे मी वाढवून नाही सांगत. म्हणून मार्चमध्ये ठरवलं की काही झालं तरी चार महिने एसीवाली अभ्यासिका लावायची. फी महिन्याला १,४०० रुपये, लॉकरचे १०० वेगळे. नॉन-एसी हॉल ७०० ला होता पण तिथं कूलर एकच आणि तो दाराशी, मागच्या रांगेला फक्त आवाज येतो.

आता जागेबद्दल. खरं सांगायचं तर जागा चांगली आहे. केबिनला तिन्ही बाजूनं फळी, खुर्चीला पाठ आहे, प्रत्येकाला आपला लाइट आणि चार्जिंगचं बटन, आणि शांतता एवढी की कोणी पान उलटलं तरी ऐकू येतं. रात्री मुलींसाठी दार आतून बंद, बाहेर एक काका बसतात, ते खूप चांगले आहेत, अकरा वाजता कोणी एकटी निघाली तर गल्लीच्या टोकापर्यंत सोबत येतात. अर्धा मार्क कापला तो बाथरूमसाठी, तीस मुलींना एकच. आणि अख्खा एक मार्क मालकासाठी कापला, ते पुढं येतं.

गोळी. पहिल्या आठवड्यातच कळलं, बाजूच्या हॉलमधला एक पोट्टा आहे, त्याला सगळे भाऊच म्हणतात, तो स्वतः तीन वर्षांपासून अभ्यास करून राहिला आणि त्याच्याकडे स्ट्रिप असतात. नाव कोणी घेत नाही, "जागायची आहे का" एवढंच विचारतात. एक गोळी ६० रुपये, स्ट्रिपवरच्या छापील भावाच्या दुपटीहून जास्त. आत असतं मोडाफिनिल. हे औषध मुळात फ्रान्समध्ये सापडलं, अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये परवानगी मिळाली आणि ती नार्कोलेप्सीसाठी, म्हणजे ज्यांना बसल्या बसल्या, बोलता बोलता गाढ झोप लागते असा आजार आहे त्यांच्यासाठी. पुढं रात्रपाळीमुळं झोपेचं चक्र बिघडलेल्यांसाठी पण द्यायला लागले. आपल्याकडे बनतं, स्वस्तात बनतं, पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध आहे. ज्याला खरंच तो आजार आहे त्याच्यासाठी ही गोळी मोठा आधार आहे, माझं शून्य त्यांच्या गोळीला नाही. माझं शून्य त्या ६० रुपयेवाल्या गोळीला आहे.

मी काहून घेतली? कारण मी सकाळी साडेपाचला उठते, दोनपर्यंत काम, तीनला जेवण, चार ते अकरा अभ्यास, आणि नऊ वाजताच माझे डोळे मिटायचे. बाकीच्या पोरी दोन दोन वाजेपर्यंत बसलेल्या. मला वाटायचं की माझ्यातच काही कमी आहे, डोकं मंद आहे, आळशी आहे. ज्यांनी हे अनुभवलं त्यांना समजेल, वहीवर पेन घसरत जाते आणि शेवटी नुसती रेघ ओढलेली असते.

पहिली रात्र मला तारखेसकट आठवते, ९ एप्रिल. संध्याकाळी सातला घेतली, दहापर्यंत काहीच नाही, मग असं वाटलं की डोक्यातला पंखा एका स्पीडवर लागला. ना भूक ना जांभई. पॉलिटी काढलं, पंचायत राज, ७३ वी घटनादुरुस्ती. अकरावी अनुसूची, पंचायतींकडे द्यायचे २९ विषय. मी ठरवलं की याचा तक्ता करायचा. मी तो तक्ता केला बाप्पा, पट्टीनं रेघा मारून, शेतीला हिरवा, पाण्याला निळा, शिक्षणाला नारंगी, एक खाना वाकडा आला म्हणून पान फाडून परत पहिल्यापासून. पहाटे साडेतीन वाजता तो तक्ता तयार झाला आणि मला इतका आनंद झाला की मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. साडेपाच तास. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आल्यावर कागद झाकून लिहून पाह्यलं, २९ पैकी ११ आठवले. आधी साध्या पेन्सिलीनं दोन तास वाचून, झोपून, सकाळी आठवून पाह्यची तेव्हा याच्यापेक्षा जास्त यायचे.

तो फोटो अजून आहे माझ्याकडे. सुंदर तक्ता आहे.

मला वाटलं पहिल्यांदाच असं झालं असेल, म्हणून महिनाभर आठवड्याला तीन-तीन घेत गेली. म्हणजे महिन्याला सातशे रुपयाच्या वर, जेवणाच्या डब्यातून कापून. डोकं दुखायचं, कपाळाच्या मागं ठोके पडल्यासारखं. डबा उघडायची आणि झाकायची, कारण भूकच नाही. सुट्टीच्या दिवशी झोपायला गेली तर झोप नाही आणि कामाच्या दिवशी काउंटरवर उभ्या उभ्या झापड. मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते झालं. एका काकांच्या शुगरची एन्ट्री मी २१४ केली, मशीनचा आकडा होता १२४. रिपोर्ट प्रिंट झाला होता, काका पावती घेऊन समोर बसले होते, मॅडमनी सही करताना मागचा रिपोर्ट पाह्यला म्हणून पकडलं गेलं. नाहीतर त्या माणसाची गोळी वाढली असती. हे लिहिताना पण माझे हात गार पडतात.

मॅडम ओरडल्या नाहीत. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाह्यली आणि म्हणाल्या, "बस इथं, तुझंच काढू." हिमोग्लोबिन आलं ८.४. बाईचं १२ च्या वर पाहिजे. मी रोज शंभर लोकांचे आकडे टाईप करते आणि माझा आकडा मला माहीत नव्हता.

त्यानंतर मी ती गोळी सोडली आणि तिच्याबद्दल जेवढं मिळालं तेवढं वाचलं, कारण मला जाणून घ्यायचं होतं की माझंच असं झालं की सगळ्यांचं होतं. २०२३ मध्ये एक प्रयोग छापून आला, ४० निरोगी लोकांना वेगवेगळ्या दिवशी मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट, डेक्सअँफेटामिन (ही दोन्ही पण मेंदूला तरतरी आणणारी औषधं) आणि एकदा औषध नसलेली नुसती साधी गोळी दिली आणि एक कोडं सोडवायला दिलं, एवढ्या वजनाची बॅग आहे, वस्तू इतक्या आहेत, कोणत्या भरल्या की जास्तीत जास्त किमतीचा माल बसेल. औषध घेतलेले लोक जास्त वेळ बसले, जास्त खटपट केली, आणि उत्तराचा दर्जा उतरला. जे साध्या गोळीवर चांगलं करत होते त्यांचंच जास्त बिघडलं. मी वाचलं आणि मला माझा तक्ता आठवला, हिरवा निळा नारंगी. २०१७ चा एक प्रयोग बुद्धिबळवाल्यांवर आहे, ३९ खेळाडू, तिथं गोळी घेतलेले विचार करत बसले आणि घड्याळावर डाव जास्त हरले, वेळ संपून हरलेले डाव बाजूला काढले तर खेळ थोडा सुधारलेला दिसला. म्हणजे काहीच फायदा नाही असं म्हणणं पण खोटं होईल. पण आपल्याला दोन तासात १०० प्रश्न आहेत, चुकीला वजा गुण आहेत, आपलं घड्याळ कोण बाजूला काढणार?

आणि शरीराचं. डोकेदुखी, घाबरल्यासारखं होणं, झोप उडणं हे तर सर्रास. क्वचित कोणाला अंगावर असा चट्टा उठतो की कातडी सुटून जिवावर येतं, अंगावर पुरळ दिसली की गोळी बंद करून दवाखान्यात पळायचं. हृदयाचा, बीपीचा त्रास असलेल्यांनी तर जपायलाच पाहिजे. आणि लग्न झालेल्या मैत्रिणींसाठी मुद्दाम लिहिते, गर्भनिरोधक गोळ्यांचा असर या औषधानं कमी होतो. आमच्या हॉलमध्ये हे कोणालाच माहीत नव्हतं, भाऊला पण नाही, भाऊ फक्त विकतो.

आता बाजूच्या केबिनच्या ताईबद्दल लिहायचं आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिथंच आहे. ताई धरमपेठेतली, घरी गाडी आहे, मामा डॉक्टर. ती पण घ्यायची, पण मामानं आधी बीपी, ईसीजी सगळं पाहून, कमी डोसची, आणि आठवड्यातून एकदाच. दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत झोपायची. उठली की आई भाकरी-भाजी वाढून देणार, दुपारी घरी तिच्या खोलीत एसी. तिला मी कधी वाईट म्हणणार नाही, तिनंच मला दोनदा म्हटलं की बंद कर, तू वाळून राहिली. पण पहा, औषध तेच. कंपनी पण तीच. तिला ती एका रात्रीची पडली, मला महिनाभराची. कारण ही गोळी नवीन ताकद आणून देत नाही, ती उद्याच्या झोपेतून आज उचल देते. ताईकडे झोप शिल्लक होती, रक्त शिल्लक होतं, परत भरायला सकाळ होती. मी आधीच उधारीवर होती आणि उधारीवर अजून उचलली, तर व्याज कोणाच्या अंगावर बसणार.

२००८ मध्ये नेचर या मोठ्या विज्ञान मासिकात सात जणांनी मिळून एक लेख लिहिला होता, स्टॅनफर्डचे हेन्री ग्रीली, केंब्रिजच्या बार्बरा सहाकियन वगैरे. म्हणणं असं की निरोगी मोठ्या माणसांना अशी औषधं वापरू द्यायला हरकत नसावी, अभ्यास करून, जोखीम पाहून. त्याच वर्षी त्याच मासिकानं वाचकांना विचारलं तर ६० देशांतल्या १,४०० जणांपैकी पाचातल्या एकानं कबूल केलं की आजार नसताना मेंदूसाठी औषध घेतलंय. शिकलेले, संशोधन करणारे लोक हे. आणि त्या लेखात विषमतेचा मुद्दा पण होता, की पैसेवाल्यालाच मिळालं तर अन्याय होईल, तर त्यावर एक तोड म्हणून लिहिलं होतं की परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांना फुकट द्यावं, जसं काही शाळा परीक्षेच्या आठवड्यात सगळ्यांना कॉम्प्युटर देतात. उलट बाजूला अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०११ मध्ये अभ्यासासाठी असं औषध चिठ्ठीशिवाय घेणं म्हणजे कॉपीच असा नियम केला.

त्या लेखकांचा हेतू चांगला होता हे मी मानते. पण मला ते फुकटवालं पटत नाही आणि काहून पटत नाही ते मी स्वतःच्या अंगावरून सांगू शकते. उद्या राज्यसेवेच्या सेंटरवर हॉल तिकिटासोबत सगळ्यांना एकेक गोळी फुकट वाटली, तरी धरमपेठची ताई आणि मी बरोबरीत येत नाही. कॉम्प्युटर दिला तर कॉम्प्युटर बाहेर असतो, तो माझ्या रक्तातून काही काढून घेत नाही. गोळी आतून काढते, आणि आत काय आहे ते सगळ्यांचं सारखं नाही. मला गोळी फुकट मिळाली असती तर एवढंच झालं असतं की सातशे रुपये वाचले असते आणि ११ च्या जागी ११ च आठवले असते. आणि ड्यूकचा नियम, तो मला अर्धाच पटतो, कारण कॉपी म्हटलं की वाटतं आपल्याला काहीतरी जास्तीचं मिळालं. मला काय मिळालं ते सांगितलंच वर.

देशाचा आकडा पहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांना ॲनिमिया निघाला. पाच वर्षांखालच्या लेकरांमध्ये ६७ टक्के. रक्तात लोह कमी असलं की लक्ष लागत नाही, दम लागतो, वाचलेलं राहत नाही, हे मी आता कोणालाही शपथेवर सांगेन. शाळेत असताना आम्हाला आठवड्यातून एक निळी गोळी द्यायचे, लोह आणि फॉलिक ॲसिडची, सर समोर उभे राहून गिळायला लावायचे आणि आम्ही गालात धरून ठेवून हापशीच्या मागं थुंकायचो, कारण मळमळते म्हणायचे सगळ्या. ती गोळी का आहे हे आम्हाला कोणी बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. फुकट होती, सरकारी होती, म्हणून तिला किंमत नव्हती, आणि दहा वर्षांनी त्याच पोरीनं ६० रुपये देऊन दुसरी गोळी घेतली.

मॅडमनी मला सरकारी दवाखान्यात पाठवलं, तिथून लोहाच्या गोळ्या मिळाल्या, एक पैसा लागला नाही. घ्यायची रीत पण त्यांनीच समजावली, चहासोबत नाही, चहानंतर लगेच पण नाही, लिंबू किंवा संत्र्यासोबत घ्यायची म्हणजे अंगी लागते. त्या दिवसांत संत्री महाग झाली होती म्हणून लिंबूपाण्यासोबत घेतली. पहिले दहा दिवस पोट धरून आलं, संडास काळी होते, ते पाहून घाबरू नका. तीन महिन्यांनी ११.६ आलं. आणि मी रात्री साडेदहाला झोपायला लागली, सात तास, कारण दिवसभर वाचलेलं पक्कं बसतं ते झोपेत बसतं. नऊ वाजता डोळे मिटणं बंद झालं. मी आळशी नव्हती, एवढं कळायला मला २६ वर्षं लागली आणि याचा मला खूप राग येतो.

मालकाचं राहिलं. जूनमध्ये फी भरायला गेली तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की इथं गोळ्या विकल्या जातात. ते म्हणाले, "मॅडम, आत कोण काय खातं ते आम्ही कसं पाहणार?" त्यांच्याकडे केबिनमध्ये बिस्कीट खाल्लं तर ५० रुपये दंड आहे, मला एकदा लागला आहे, कॅमेऱ्यात दिसलं म्हणून. मी तेही बोलली. त्यांनी पावती फाडून दिली आणि पुढच्याला बोलावलं. म्हणून एक मार्क गेला, नाहीतर जागेला मी साडेचार दिले असते.

सध्या मी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या अभ्यासिकेत बसते. लाइट बिलासाठी महिन्याला १०० रुपये, नसले तर कोणी मागत नाही. लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कपाटात जुनी पुस्तकं, त्यातली बरीच दीक्षाभूमीच्या स्टॉलवरून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घेऊन कोणी ना कोणी आणून ठेवलेली. शांतता अभ्यासिकेएवढी नाही, बाहेर पोरं क्रिकेट खेळतात, संध्याकाळी वंदना होते तेव्हा अर्धा तास पुस्तक बंद. वायफाय नाही. साडेदहाला आजी येऊन लाइट बंद करतात आणि म्हणतात, "जा गं बाई, झोप आता." आधी मला वाटायचं की ही अडचण आहे, २४ तास पाहिजे. आता पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापला तो उन्हाळ्यासाठी.

कोणाला यायचं असेल तर सकाळी सहाला उघडतं, किल्ली आजींकडेच असते, पाण्याची बाटली आपली आणा. कूलर आहे पण त्याच्या ताट्या सडल्या आहेत, मार्चच्या आधी बदलायच्या आहेत, आम्ही आठ जणांनी पन्नास-पन्नास जमा केले आहेत, अजून दोनशे कमी पडतात. कोणाकडे जुना टेबल फॅन पडून असेल तर तोही चालेल, मागच्या भिंतीला प्लग आहे.